बसवालं गणित फुटलं एकदाचं, तेही समीकरणाशिवाय

मागच्या अपडेटपासून घशात अडकलेलं बसवालं गणित सुटलंय, त्यामुळे आज करायचा ठरलेला ट्रेन-बोगद्याच्या गणितांचा सेट राहू दे.

गणित तेच, सायकलवाल्याला मागून दर 12 मिनिटांनी बस ओव्हरटेक करते, समोरून दर 4 मिनिटांनी भेटते, दोन्हीकडच्या बस सारख्या वेगाच्या आणि ठरावीक वेळाने सुटणाऱ्या, तर किती मिनिटांनी सुटतात? 12 आणि 4 ची सरासरी 8, हा सापळा. दोन बसमधलं अंतर अ धरलं की बस आणि सायकलच्या वेगांची वजाबाकी अ/12, बेरीज अ/4, दोन्ही मिळवून निम्मे केले की बसचा वेग अ/6, उत्तर 6. हे तर येतंच आपल्याला, पण 6च का ते दिसत नव्हतं, आणि शॉर्टकटवाले व्हिडिओ 2कख/(क+ख) (क म्हणजे मागून गाठायची वेळ 12, ख म्हणजे समोरून भेटायची 4) तोंडावर फेकून पुढे पळतात, वैताग नुसता.

मग ग्राफपेपर काढला. जिओजेब्रा हे आलेख काढायचं सॉफ्टवेअर भारीच आहे पण स्लायडर सरकवून जे कळत नाही ते हाताने रेघा मोजताना कळतं. आडवी वेळ, उभं अंतर, त्यावर समोरून येणाऱ्या बसच्या तिरक्या समांतर रेघा, त्यांना छेदणारी सायकलची रेघ, आणि सहज म्हणून 12 मिनिटांवर सायकलची रेघ मोडून परत सुरुवातीच्या जागी आणली, तर काय! जाताना समोरच्या 3 बस भेटल्या, वळल्यावर त्याच दिशेच्या बस आता मागून येतायत म्हणून 12 मिनिटांत 1. म्हणजे 24 मिनिटांनी गडी मूळ जागी आणि तेवढ्यात तिथून 4 बस गेल्या. दर 6 मिनिटांनी एक. बास, संपलं! मी तर वहीकडे बघत हसत बसलो.

टोकाची केसही लावून पाहिली, सायकल बसच्याच वेगाने गेली तर मागून कोणीच गाठणार नाही आणि समोरून दर 3 मिनिटांनी भेटेल, सूत्रात क अनंत केला तरी 2ख, आता ख 3, म्हणजे 6च. मस्त.

आणि हे टाइप करताना लक्षात आलं, जाताना वेग 60 येताना 40 तर सरासरी वेग 48, ते पण हेच सूत्र की! फक्त तिथे अंतर सारखं, इथे वेळ सारखा. मग आता बोगदा नकोच, नदीत टोपी पडलेलं गणित घेतो, टोपी पडल्यावर प्रवाहाविरुद्ध आणखी 10 मिनिटं वल्हवून मग लक्षात येतं आणि नाव मागे वळवतो ते. पाण्याच्या नजरेतून टोपी जागची हलतच नाही, म्हणजे परतायलाही 10च. एकूण 20 मिनिटांत टोपी पडल्या जागेच्या 1 किमी खाली सापडली तर प्रवाह ताशी 3 किमी. हे ग्राफवर कसं दिसेल? कागद तिरका धरावा लागेल बहुतेक, काढून बघतो.