तुम्ही विचारलंत म्हणून: त्या घरी जाऊन तुम्ही करता काय?

अपंग मुलं असलेल्या घरांना भेटी देणं हे माझं काम. एस्टीत, लग्नात, बाजारात, भेटेल तो हेच विचारतो. ‘मूल चालत नाही, बोलत नाही, वर फिट येते. डॉक्टरही बरं होईल म्हणत नाहीत. मग तुम्ही त्या घरी जाऊन करता तरी काय?’

खरं सांगू? निम्मा वेळ मी मुलाकडे नाही, घराकडे बघते. रात्री कोण जागतं, धाकटीचा अभ्यास कोण घेतं, म्हातारीला कसली धास्ती आहे. बाप बहुधा मुंबईला. गणपतीत नि शिमग्यात येतो, चार उपाय सुचवतो, परत जातो. बाकी वर्षभर आईच.

देवगडकडच्या एका वाडीत, पाखाडी उतरून गेलं की असं एक घर लागतं. मुलगा सतरा वर्षांचा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नाही; नजर अधू, फिट येते. आई त्याला आडवं धरून पेज भरवायची. ठसका लागायचा, निम्मी पेज अंगावर, एकेका जेवणाला तास. फिजिओथेरपिस्टने दाखवलं तसं आम्ही त्याला कोपऱ्यात उशा लावून ताठ बसवलं. हनुवटी किंचित खाली, पेज दाटसर, चमचा लहान. आडवं भरवलं की घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, त्यातून न्यूमोनियाही होतो. आजी बघत होती. म्हणाली, “बाय, ह्या माका जमतला?” जमलं. आता दुपारचं जेवण आजीकडे. आईने त्या वेळात बचत गटाला जावं असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी ती नुसती झोपली. मला तेही चालतं.

कागदपत्रं हा वेगळा व्याप. युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, मग निरामय हा आरोग्य विमा: अशा मुलांना उपचारांसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. देवळात गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात. मी आड येत नाही. फिटची गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही, हे दर भेटीत सांगते. एकदम बंद केली की फिट थांबता थांबत नाही, जिवावर बेतू शकतं. आणि आईला रात्री फारच भरून आलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवलाय. फुकट आहे, मराठीत बोलतात.

पण सगळ्या घरांत शेवटी एकच प्रश्न येतो: आमच्या मागे ह्याचं कोण? वय १८ झालं की कायद्याने तो सज्ञान. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली त्याला कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. अर्ज सोपा, घरात बोलणं अवघड. यंदा गणपतीत सगळे जमले की विषय काढायचा ठरलाय. काका कबूल आहे. काकी अजून नाही, आणि तिचंही चूक म्हणवत नाही. तिच्या घरी दोन खोल्यांत पाच माणसं आहेत.