स्प्लेंडर १,३८,००० किमी: यंदा टॅपेट घरीच

मीटरवर ३८,२१४ दिसतात, पण मीटर पाच आकडी आहे आणि एक फेरी आधीच पूर्ण झाली आहे. २००५ ची स्प्लेंडर प्लस, पहिली दहा वर्षं वडिलांच्या हातात, त्यानंतर माझ्याकडे. मागच्या लॉगमध्ये चेन किट आणि कोनसेट (हँडलची बेअरिंग) बदलल्याचं लिहिलं होतं. त्यानंतर दोन गोष्टी खटकत होत्या. सकाळी थंड गाडीला चोक ओढूनही सात-आठ किका माराव्या लागायच्या, आणि हेडमधून (सिलिंडरच्या टोकाचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) बारीक टिकटिक यायची. एकदा तापली की गाडी गुमान चालायची.

गॅरेजमध्ये टॅपेट (व्हॉल्व्ह म्हणजे झडप आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप ठरवणारा स्क्रू) कानाने लावतात. आवाज जाईपर्यंत स्क्रू आवळला की काम झालं. यावेळी ते नको होतं, म्हणून फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचं माप) आणि टॅपेटचा चौकोनी पाना आणला. दोन्ही मिळून एका सर्व्हिसिंगच्या मजुरीपेक्षा स्वस्तात आले.

शनिवारी संध्याकाळी गाडी वाड्यात लावली आणि रात्रभर हात लावला नाही. माप थंड इंजिनवरच घ्यायचं असतं. रविवारी सकाळी प्लग काढला, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. डाव्या मॅग्नेटो कव्हरवरची दोन झाकणं उघडली, मोठ्यातून सॉकेट घालून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत 'टी'ची रेघ (पिस्टन सिलिंडरच्या टोकाला पोचल्याची खूण) खाचेसमोर आणली. इथे घाई करू नका. 'टी' दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनला (आतलं मिश्रण दाबलं जातं तेव्हा) आणि एकदा एक्झॉस्टच्या (धूर बाहेर जाण्याच्या) शेवटी. माप कॉम्प्रेशनच्या 'टी'वर घ्यायचं, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलले तर बरोबर, नाहीतर आणखी एक पूर्ण फेरा.

या इंजिनचा सिलिंडर आडवा असल्यामुळे इनलेटची (मिश्रण आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची) कॅप वर आणि एक्झॉस्टची (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) खाली. खालचीसाठी पोतं टाकून जमिनीवर झोपावं लागलं. कॅप सैल होताच आत साठलेलं तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तेव्हा आधी खाली पसरट भांडं ठेवा. एक्झॉस्टच्या लॉकनटचे कोपरे पार झिजलेले निघाले. कधीतरी कुणीतरी पकडीने फिरवला असणार. ९ चा रिंग पाना पूर्ण बसवून, जपून सोडवला. नवीन नट-स्क्रू लिहून ठेवले आहेत.

आता माप. माझ्या मॉडेलला दोन्हीकडे ०.०५ मिमी. इनलेटला ०.१० ची पातीही आरामात गेली, म्हणजे टिकटिक तिथली. एक्झॉस्टला मात्र ०.०५ ची पाती आतच जाईना. बोटाला रॉकर जेमतेम हलल्यासारखा वाटत होता, एवढंच.

हे पाहून मी बराच वेळ तसाच पडून होतो. आवाज करणारा टॅपेट बिचारा फक्त सैल होता आणि खरं दुखणं मुकाट बसलेल्या टॅपेटचं होतं. रनिंग वाढतं तसा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (बंद होताना तो जिथे टेकतो ती कड) झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसत जातो, त्याची दांडी रॉकरकडे सरकते आणि गॅप आपोआप कमी होतो. गाडी तापली की दांडी आणखी लांबते. मग व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही, कॉम्प्रेशन गळतं. त्यात व्हॉल्व्हची उष्णता सीटमधूनच हेडकडे जाते, ती वाट बंद झाली की व्हॉल्व्हची कड जळू लागते. कानाने लावणाऱ्याने दोन्ही आणखी आवळले असते तर काही हजार किलोमीटरांत हेड उतरवावं लागलं असतं, असं मला वाटतं.

दोन्हीकडे ०.०५ लावलं. पाती ओढताना लोण्यातून सुरी निघावी तशी हलकी अडली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा माप. माझं एक्झॉस्ट चौथ्या खेपेला बसलं. शेवटी इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवून, परत 'टी'वर आणून पुन्हा एकदा पाहिलं.

इंजिन उघडंच होतं तर उजवं कव्हरही काढलं. या गाडीला बदलायचा ऑइल फिल्टर नाही. आत गरगर फिरणारा सेंट्रीफ्यूगल फिल्टर आहे, जड घाण त्याच्या भिंतीला चिकटते. माझ्यात करंगळीच्या नखाएवढा जाड थर होता, काळा आणि बूटपॉलिशसारखा घट्ट. लाकडी काडीने खरवडला, रॉकेलने धुतला. खालची जाळीही धुतली. जुनी गॅस्केट फाटूनच निघते, नवी आधी आणून ठेवा.

तेल ९०० मिली, १०डब्ल्यू३० ग्रेडचं, बाटलीवर जासो एमए (तेलात बुडलेल्या क्लचला चालणाऱ्या तेलाचं मानक) लिहिलेलं बघूनच. क्लच याच तेलात बुडलेला असतो, कारचं तेल घातलं तर घसरू शकतो. ड्रेन बोल्टला नवा वायसर. जुनं तेल डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात दिलं, गटारात नाही. ब्रेक, केबल, चेनचं तेलपाणी नेहमीसारखं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सोमवारी सकाळी चोक ओढून दुसऱ्या किकला चालू झाली. टिकटिक थोडी आहे, ती असू दे. आयडलिंग स्थिर आहे. ॲव्हरेजचा आकडा तीन टाक्या मोजल्याशिवाय लिहिणार नाही.

एक्झॉस्टचं माप आता दर ३,००० ला, तेलाबरोबरच घेणार आहे. गॅप पुन्हा भराभर मिटत असेल तर व्हॉल्व्ह लॅपिंगची (व्हॉल्व्ह सीटवर घासून पुन्हा नीट बसवण्याची) वेळ आली असं समजून हेड उतरवीन. वडिलांच्या जुन्या वहीत, त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली लिहिलं आहे: १,३८,२१४, इन ०.०५, एक्झ ०.०५.