बारशाचे सात सेट

बारशाच्या रात्री पाळणा आवरला आणि आलेल्या वस्तू कॉटवर मांडल्या. झबली, टोपडी, चांदीची वाटी, वाळे, आणि बेबी सेटचे सात खोके. प्रत्येकात पावडर, तेल, शाम्पू, साबण, लोशन. दोन खोक्यांत वाइप्सही. तेलाच्या घरच्या दोन धरून नऊ बाटल्या झाल्या. "पोरगं पाचवीला जाईस्तोवर बघायला नको," असं हे म्हणाले आणि झोपले.

दीड महिन्याच्या डोसला गेलो तेव्हा बाळाच्या मानेवर बारीक लाल पुरळ होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय काय लावता? मी यादी सांगायला लागले, त्यांनी मध्येच थांबवलं. वासाचं काही नको. पावडर तर अजिबात नको, तिचा धुरळा श्वासाबरोबर फुफ्फुसात जातो. मालिशला साधं खोबरेल पुरे. घरी येऊन हे सांगितल्यावर आई (म्हणजे सासूबाई) एवढंच म्हणाल्या, "आमची चार पोरं पावडरीवरच वाढली की." पण दुसऱ्या दिवसापासून पावडरीचा पफ दिसला नाही.

पहिला विचार अर्थात देऊन टाकण्याचा. हंगाम सुरू झाला होता. आमच्या माहेरच्या गावाबाहेर दर वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीडकडची माणसं, त्यांच्या कोप्यांमधून (पाचटाच्या झोपड्यांतून) तान्ही बाळं असतात. पिशवी भरली, गाठ मारली, आणि तिथंच मला ऑगस्ट 2019 आठवला.

तेव्हा सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पुराचं पाणी छातीपर्यंत होतं. ओसरल्यावर मदतीचे ट्रक आले. त्यातल्या पाण्यानं, धान्यानं, बिस्किटांनी आम्हाला खरंच तारलं, ते विसरणार नाही. पण कपड्यांच्या ढिगात मी हात घातला तर पहिल्यांदा हाताला लागला बिनबटणांचा लोकरी कोट. मग जरीची, मधोमध फाटलेली साडी. मग एकाच पायातला बूट. चिखलात उभी राहून मी तो बूट बराच वेळ धरला होता. कुणीतरी आपलं कपाट रिकामं केलं होतं आणि ते आता आम्ही आवरायचं होतं.

माझ्या बाळाला नको असलेली पावडर कोपीतल्या बाळाला कशी चालेल? गाठ सोडली. गावातल्या अंगणवाडी सेविकांना फोन केला. त्या म्हणाल्या, "वहिनी, आधी मुदत बघा. आणि बाळाचं राहू द्या, त्या बायकांना स्वतःला साबण लागतो." मग चष्मा लावून बसले. खोक्यावर तारीख सापडली नाही, ती बाटलीच्या बुडाला किंवा दुमडीवर होती. एका सेटची मुदत दोन महिन्यांत संपत होती, म्हणजे तोही कुणाच्या तरी बारशाहून आमच्याकडे आला असणार. उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र आणि आत 12एम असं असेल तर ते उघडल्यापासून बारा महिने, हे मला तोवर माहीत नव्हतं. सीलबंद, लांब मुदतीचे साबण आणि शाम्पू निवडले, मोठ्यांना वापरायला म्हणून सांगूनच दिले. त्या बायकांनी आणखी एक मागितलं: जुनं मऊ सुती कापड, लंगोटाला. आईंनी ट्रंकेतली दोन लुगडी काढून दिली. जुने कपडे बघून तोंड वाकडं करणारी मी, त्या दिवशी गप्प बसले.

उरलं तेल, पावडर आणि बारीकसारीक. ते आपलं आपण निस्तरायचं असं ठरवलं.

पावडरीच्या डब्यावर बारीक अक्षरात टाल्क लिहिलेलं. टाल्क म्हणजे शंखजिरं. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ते 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय, त्यामुळे घरात उधळायची इच्छा नव्हतीच. कॅरमवर टाकून बघितली, तर सोंगट्या अडखळायला लागल्या. कॅरमला बोरिक पावडरच हवी. खरा गिऱ्हाईक निघाला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला. टायर आणि ट्यूब एकमेकांना चिकटू नयेत, घासू नयेत म्हणून ते लोक ट्यूबला शंखजिरं चोळतातच. त्यानं तीन डबे घेतले आणि एक ट्यूब नाकाशी धरून म्हणाला, "आता गाडीला बारशाचा वास येतोय बघा." उरलेल्यांतले दोन मिरजेला भाच्याकडे गेले. तो तबला शिकतो, घामानं हात चिकटू नये म्हणून तळव्याला चिमूटभर पावडर लागते. मिरजेत सतार-तंबोऱ्याची कारागिरी एवढी की 2024 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं आमच्या डब्यांचं एवढं तरी चीज झालं.

तेलाचं जास्त जमलं. हे तेल खोबरेलासारखं खवट होत नाही, कारण ते खनिज तेल आहे, पेट्रोलियमपासूनचं. म्हणून बिजागऱ्यांना उत्तम. स्टीलच्या नव्या डब्यावरचं किमतीचं लेबल ओढून काढलं की चिकटा राहतो ना? त्यावर दोन थेंब, दहा मिनिटं, मग जुन्या फडक्यानं पुसून साबणानं धुवायचं. माझ्या नखांचा पाच वर्षांचा वैताग संपला.

मामांचं (सासऱ्यांचं) सगळं आयुष्य मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात गेलं. संध्याकाळी हात साबणानं धुवून येतात आणि तरी जेवताना बोटं पिवळीच. हळदीतला रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आता आधी तेल चोळतात, मग साबण, आणि बोटं पुष्कळ निवळतात. या यशानं चढून मी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवरही प्रयोग केला. हळद फिकी झाली, तेलाचा डाग तेवढा बसला. तो भांड्याच्या साबणानं घासला, उरलेली पिवळी झाक दोन दिवसांच्या कडक उन्हानं उडवली. म्हणजे तेल कातडीला, कापडाला ऊनच.

रंगपंचमीला सकाळी गल्लीतली पोरं रांगेत उभी केली आणि हातापायांना तेल चोळलं. डोळ्यांपासून लांब. दोन बाटल्या तिथं संपल्या आणि संध्याकाळी रंग लवकर सुटला. बाकीच्या बाटल्या मात्र माळ्यावर. लहान मूल हे तेल पिऊ गेलं आणि ठसक्यात श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला चांगलंच बाधतं, आणि आमचं बाळ आता रांगतंय.

बाकीचं पटकन सांगते. शाम्पूनं स्वेटर, कंगवे आणि चष्मे स्वच्छ निघतात. वाइप्सनं पंख्याची पाती आणि स्विचबोर्ड पुसले (मेन स्विच बंद करून), पण ते कमोडमध्ये टाकायचे नाहीत, बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात. मुदत संपत आलेल्या सेटचा साबण किसून, पाणी घालून, उकळून हँडवॉश करायला गेले. रात्री पातळ वाटला म्हणून आणखी अर्धी वडी किसली. सकाळी पातेल्यात जे होतं त्याला शेंबूड हाच शब्द. दोन आठवडे त्यानं संडास-बाथरूम धुतलं.

फाटकाच्या बिजागरीला तेल घातलं तेवढं मात्र अंगाशी आलं. मामांना डॉक्टरांनी भडंग आणि संध्याकाळचा दुसरा चहा बंद केलाय. पूर्वी ते चौकाकडे निघाले की फाटक करकरायचं आणि आई स्वयंपाकघरातूनच हाक मारायच्या. आता काही ऐकू येत नाही.