पावणेतीन

दिवसा मी पार्सलं वाटतो आणि रात्री रॅप लिहितो. लेबल नाही, मॅनेजर नाही. आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या कोपऱ्यात आजीच्या गोधड्या टांगल्यात, त्यांच्या आत उभा राहून रेकॉर्ड करतो. पंखा बंद, घाम चालू. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने 2014 साली आयपॅडवर 'आफत' हे गाणं केलं होतं. ते पाहून डोंगरावरच्या वस्तीतल्या माझ्यासारख्या कितीतरी पोरांना वाटलं, स्टुडिओ नसला तरी अडत नाही.

रविवारी संध्याकाळी भांडुपला आमच्या मंडळाच्या कट्ट्यावर सायफर बसतो. एक जण तोंडाने बीट देतो, बाकीचे आळीपाळीने व्हर्स सोडतात. एप्रिलातला असाच एक रविवार. माझं पाण्यावरचं नवीन गाणं तयार होतं, फक्त पोरांसमोर एकदा तपासायचं होतं. मिनिटाला नव्वद ठोके, साधा बीट. सुरुवात अशी:

पहाटे चार, पिंपाला धार,
आईच्या कमरेला घराचा भार.

पोरं ओरडली. मी चढलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "खोटं आहे."

शेजारच्या गल्लीतल्या काकू. हातात भाजीची पिशवी. बीटबॉक्सवाला बिचारा अर्ध्या 'बूम'वर थांबला.

"पाणी चारला कुठे येतं रे? पावणेतीनला येतं. साडेतीनला धार बारीक होते, चारला नळ नुसता फुसफुसतो. चारला तू मुतायला उठतोस, तेव्हा पिंप भरलेलं दिसतं तुला."

सगळा कट्टा हसला. मीही हसलो, पण कान तापले होते. कारण बाई बरोबर होती. पाण्यावर सोळा ओळी लिहिल्या आणि पाणी कधी येतं ते मला माहीत नव्हतं! चार का? तर धार, भार, दार, उधार... 'चार'ला यमकं रांगेत उभी असतात. यमकासाठी मी सव्वा तास खाल्ला होता. रॅपमध्ये 'रिअल' हा शब्द आम्ही इतका वापरतो, की घरातलं घड्याळ बघायचं राहून जातं.

आता 'पावणेतीन' बसवायचं म्हणजे पंचाईत. 'चार' एका ठोक्यात पडतं, 'पावणेतीन' बोलताना तीन तुकड्यांत पसरतं. कट्ट्यावर बसूनच खटपट सुरू केली. सुरुवातीचा एक ठोका रिकामा सोडला, तेव्हा जागा झाली:

रात्री पावणेतीन, अंगात शीण,
पोरगा घोरतोय, आई मशीन.

'शीण' आणि 'मशीन' कागदावर जुळत नाहीत, तोंडात जुळतात. मी म्हणून दाखवलं. काकूंनी पिशवी खाली ठेवली, म्हणजे ऐकायला थांबल्या. मग म्हणाल्या, "मशीनला तेल तरी घालतात."

कोणी हसलं नाही.

मी म्हटलं, "काकू, हे परत एकदा बोला ना, मोबाइलमध्ये." त्यांनी आधी पदर नीट केला. नुसता आवाज घेतोय म्हटलं, तरी केला. तिसऱ्या टेकला जमलं. मागे कुकरची शिट्टी आलीय, ती मी काढली नाही. तेच वाक्य गाण्याचा हुक झालं, म्हणजे परत परत येणारी ओळ. हे काही मी शोधून काढलेलं नाही. 'स्वदेसी' या रॅप ग्रुपवाल्यांनी 2019 साली आरेच्या जंगलावर 'द वारली रिव्होल्ट' केलं, त्यात आरेच्या पाड्यातल्या प्रकाश भोईरांचा स्वतःचा आवाज आहे. ते मी कितीदा ऐकलं होतं, पण त्यातलं खरं काम मला त्या दिवशी कळलं.

"पैसे मिळतात का यात?" काकूंनी विचारलं. मी यूट्यूबचं गणित सांगितलं. जाहिरातीचे पैसे हवे तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं गेलं पाहिजे. माझे तेव्हा सहाशे बारा होते.

"मग तोवर पाणी भर," म्हणाल्या आणि पिशवी उचलून गेल्या.

त्या रात्री अलार्म लावला. पिंपाजवळ आई मला बघून घाबरलीच, तिला वाटलं पोट बिघडलं.

गाणं वस्तीत फिरलं ते ब्लूटूथच्या डब्यांवर, रिक्षात, पिठाच्या गिरणीत. पुढच्या रविवारी कट्ट्यावर चार बायका जास्त होत्या आणि कडेला चक्क चावीवाला उभा. पाणी सोडणारा तोच.

"माझ्यावर शिव्या आहेत म्हणे गाण्यात?"

"एकच आहे," मी म्हटलं.

"असू दे. पण मला एका रात्रीत किती चाव्या फिरवायला लागतात, तेही टाक."

"किती?"

तो बोटं मोजायला लागला. मी मोबाइल काढला.