बुंदीच्या पोटाखालची ऊब

गेल्या ऑक्टोबरात ओळखीचं एक कुटुंब देश सोडून निघालं आणि त्यांची चार वर्षांची लेपर्ड गेको, म्हणजे घरात पाळायची ठिपकेदार पाल, आमच्याकडे आली. आम्ही इंग्लंडात, रेडिंगला राहतो. लेक ओवी दहा वर्षांची. पिवळ्या अंगावरचे काळे ठिपके बघून तिने नाव ठेवलं बुंदी. जुनी काचपेटी तडकली होती, त्यामुळे बुंदी आली ती झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यातून. घर आम्हालाच उभं करायचं होतं, आणि तेही लगेच.

आई तेव्हा वाईहून आली होती. "अगं, लोक पालीला झाडूने बाहेर काढतात आणि तू घरात आणून ठेवतेस?" म्हणाली. पण पहिल्याच संध्याकाळी डब्यात वाकून बघताना तिनेच ओळखलं, "हिला पापण्या आहेत की!" खरंच आहेत. आपल्या भिंतीवरच्या पालीला नसतात. शिवाय हिच्या बोटांना चिकट गाद्या नसतात, नुसती नखं. ही जमिनीवर चालणारी, खडकांच्या फटीत दिवस काढणारी. म्हणून उंचीपेक्षा जमीन महत्त्वाची. आम्ही तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असं लाकडी व्हिवॅरियम, म्हणजे असे प्राणी ठेवायची पेटी, घेतलं, पुढे सरकत्या काचा असलेलं.

त्याच दुकानातून हीट मॅट (खालून ऊब देणारी विजेची चटई), वाळूची पिशवी आणि काचेला चिकटवायचा गोल तापमापक घेतला. ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचं विचारलं, तर विक्रेता म्हणाला, "लागत नाही, मॅट फार तापत नाही." मी विश्वास ठेवला.

काचेवरचा काटा 26 अंश दाखवत होता. मला वाटलं, जमलं. पण बुंदी सतत दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या वाटीला अंग लावून बसायची. खायला सोडलेले रातकिडे समोरून गेले तरी बघायची नाही. सहाव्या दिवशी ती काचेला टेकून उभी राहिली तेव्हा ओवीला तिच्या पोटावर बोटाच्या पेराएवढा गुलाबी चट्टा दिसला. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. भाजलं होतं. वरवरचंच, पण भाजलंच. मलम मिळालं आणि पहिला प्रश्न आला, "जमिनीचं तापमान किती आहे?" मला सांगता आलं नाही. घरी येताना इन्फ्रारेड थर्मामीटर विकत घेतला आणि मॅटच्या वरच्या वाळूवर रोखला. 46. काच 26 वर आणि तिच्या पोटाखाली 46! माझ्या पोटात गोळाच आला.

गेकोला अंगची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. खाल्लेलं पचायलाही ऊब लागते. पण ती हवी तेव्हा घेता आली पाहिजे आणि नको तेव्हा सोडून जाता आलं पाहिजे. म्हणून एका टोकाची जमीन 32 अंशांच्या आसपास, दुसरं टोक 23-24. मधल्या तीन फुटांत ती आपली जागा आपण शोधते. मी मॅट थर्मोस्टॅटला जोडली आणि तिच्यावर स्लेटची फरशी बसवली. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, ठेवला नेमका तिथे, जिथे तिचं पोट टेकतं. प्रोब सरकला की थर्मोस्टॅट भलतीकडची हवा मोजतो आणि मॅट तापवत राहतो, म्हणून वायर क्लिपने लाकडाला ठोकून टाकली. आत चिकटपट्टी वापरू नका. कातडी चिकटली तर सोलून निघते.

वाळू त्याच दिवशी काढली. चट्टा भरेपर्यंत साधा किचन पेपर अंथरला, नंतर सगळीकडे फरशी. हे प्राणी मूळचे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ, कोरड्या भागातले. तिथली जमीन बरीचशी घट्ट असते. मोकळी वाळू भक्ष्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं. (आपल्या सातपुड्यातही हिची एक चुलत बहीण आहे, 2014 साली तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. ती जंगलातली आहे, तिला जंगलातच राहू द्यायचं.)

लपायला तीन जागा केल्या: उबेत एक, गारव्यात एक आणि मधे ओलसर. ही तिसरी मी आधी टाळली होती. डिसेंबरात बुंदीने कात टाकली. अंग पांढुरकं झालं, मग तिने कातडी तोंडाने ओढून खाऊनही टाकली, पण पुढच्या उजव्या पायाच्या दोन बोटांना कातीचे पातळ मोजे राहिले. तसेच राहू दिले तर ते आवळत जातात आणि बोट झडतं. कोमट पाण्यात, पोटापर्यंतच बुडेल इतक्यात, दहा मिनिटं ठेवलं आणि ओल्या कापसाच्या काडीने हळूहळू सोडवलं. आईने तिला तळहातात धरलं होतं. पाल हातात धरलेली आई मी पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या दिवशी दह्याच्या झाकणबंद डब्याला दार कापलं, कडा सँडपेपरने घासल्या, आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरलं. पुढची कात तिने त्या डब्यातच टाकली. पाचही बोटं मोकळी.

बाकीचं सोपं गेलं. दिवसा बारा तास सौम्य यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा), खाली भरपूर सावली. रातकिड्यांना कॅल्शियमची पूड लावून देतो आणि उरलेले रात्री काढून घेतो, कारण ते झोपलेल्या गेकोलाच चावतात. घाण ती एकाच कोपऱ्यात करते, तिथे कागदाची घडी ठेवली की काम झालं. हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, त्याला सूट नाही.

आई जानेवारीत परत गेली. रविवारी व्हिडिओ कॉलवर आधी ओवीची चौकशी, मग विचारते, "आणि खालची फरशी आज किती आहे?" ओवी थर्मामीटर रोखते आणि आकडा आजीला दाखवते.