घरातली घरघर

शनिवार

टीए ७६४२, रेडिओची चिप, मिळाला एकदाचा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानात मागितला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, रेडिओ कोण बनवतं आता? ब्लूटूथ मॉड्यूल देऊ का?" तेवढ्यात आतून त्याचे काका आले आणि काही न बोलता एका जुन्या डबीतून दोन नग काढून दिले. दिसायला साधा तीन पायांचा ट्रान्झिस्टर, पण पोटात दहा ट्रान्झिस्टर. १९७२ मध्ये इंग्लंडच्या फेरँटी कंपनीने झेडएन ४१४ नावाची चिप काढली होती, तिचाच हा वारस. दीड व्होल्टच्या एका सेलवर चालतो. मीडियम वेव्हचा आख्खा रेडिओ एवढ्याशा दाण्यात बसवणाऱ्यांचं मला अजूनही नवल वाटतं.

फेराइट रॉड, म्हणजे रेडिओच्या आतला अँटेनाचा काळा दांडा, मोडक्या रेडिओतला होताच. तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून, उरलेल्या रिळातली. रॉडवर कागदाची नळी चढवून तिच्यावर साठ-सत्तर वेढे, एकाला एक चिकटून. हे काम घाईचं नाही. लेक दोनदा येऊन बघून गेली, "झालं का विणकाम?" म्हणाली.

वेढे झाल्यावर तारेच्या टोकांचं एनॅमल, म्हणजे वरचा लेप, ब्लेडने खरवडायचं. नुसतं चकाकलं म्हणजे निघालं असं नाही, एनॅमलही चकाकतंच. तांब्याचा गुलाबी रंग चारी बाजूंनी दिसला पाहिजे. मग टोक राळेत बुडवून सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न टेकवलं की सोल्डर तारेभोवती सर्रकन पसरतो. गोळा होऊन नुसता बसून राहिला तर अजून खरवडायचं बाकी आहे.

रविवार

झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या बोर्डावर, जुळणी झाली. सोल्डर न करता भाग खोचायचा ब्रेडबोर्ड मुद्दामच टाळला, त्याच्या शेजारच्या पट्ट्या आपसात काही पिकोफॅरड कपॅसिटन्स धरून बसतात आणि रेडिओच्या कामात तेवढंही नडतं. आवाजासाठी पुढे एलएम ३८६ ही अ‍ॅम्प्लिफायरची चिप, त्याला नऊ व्होल्टची बॅटरी. टीए ७६४२ ला त्याच बॅटरीतून द्यायचं तर १एन ४१४८ चे दोन डायोड एकामागे एक लावून व्होल्टेज सव्वा-दीडच्या आसपास बांधून ठेवायचं. त्याहून जास्त दिलं की शिट्टी मारतो. स्पीकरच्या वायरी रॉडपाशी आल्या तरीही मारतो.

गँग, म्हणजे स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर, फिरवला आणि ७९२ किलोहर्ट्झवर पुणे केंद्र दणदणीत लागलं. पण पाठीमागे घरघर. गँग कुठेही न्या, घरघर तीच. मुंबई जिथे लागायला हवी तिथे तर घरघरीशिवाय काहीच नाही.

रेडिओ बॅटरीवर असल्याने एक सोय होती. सरळ मेन स्विच पाडला. घरघर गपकन थांबली. आतून लेक ओरडली, "आई, वाय-फाय गेलं!" पाचच मिनिटं दे म्हटलं. मग एकेक एमसीबी चढवत, हातात रेडिओ घेऊन घरभर फिरले. फ्रिज निर्दोष. पंखा निर्दोष. पॅसेजमधला एलईडी बल्ब लावला की कढई तडतडावी तसा आवाज. आणि खरा चोर निघाला लेकीच्या उशाशी लावलेला मोबाइल चार्जर, फोन लावलेला नसतानाही सॉकेटमध्ये आपला सुरू.

कारण ठाऊक होतं, पण कानांनी ऐकणं वेगळं. असे चार्जर विजेचे तुकडे करून व्होल्टेज उतरवतात, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत. गोंगाट त्या फ्रिक्वेन्सीच्या पटींवरही उमटतो. ६५ किलोहर्ट्झवर चालणारा धरला तर त्याची बारावी पट येते ७८०, म्हणजे पुणे केंद्राच्या अगदी दारात. शिवाय लोड बदलला की ही फ्रिक्वेन्सी थोडी सरकते, त्यामुळे आवाज एका जागी न राहता पट्टाभर सांडतो.

चार्जर रात्रभर तसाच ठेवला आणि मग उघडला (आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेला झटका काही गंमत नव्हे). इनपुटपाशी बोर्डावर चोकची, म्हणजे गोंगाट अडवणाऱ्या कॉइलची, जागा छापलेली आहे, भोकंही पाडलेली आहेत, आणि चोकच्या जागी तारेचा एक वाकवलेला तुकडा. म्हणजे ज्याने डिझाइन केलं त्याला सगळं कळत होतं. नंतर कुणीतरी चार पैसे वाचवले आणि गोंगाट गिऱ्हाइकाच्या घरात सोडून दिला. मला नुसत्या अज्ञानाचा राग येत नाही. ह्या असल्या छापील जागेचा येतो.

सोमवार

ऑफिसमधून यायला उशीर. टेबलाला हात लावला नाही. पॅसेजमधला बल्ब तेवढा बदलला.

बुधवार

आज मुंबई! अस्मिता वाहिनी, ५५८.

आकडेमोड सोपी होती. ७९२ ला ५५८ ने भागून वर्ग केला की २.०१ येतात. म्हणजे कॉइल तीच असेल तर पुण्याहून मुंबईला जायला गँगचा कपॅसिटन्स जवळजवळ दुप्पट हवा. माझं कॉइल ३५० मायक्रोहेन्रीच्या आसपासचं आहे, त्यामुळे पुण्याला ११५ पिकोफॅरड आणि मुंबईला २३२. गँगच्या कक्षेत आरामात बसतं.

अडचण दुसरीच. ह्या सर्किटमध्ये स्टेशन निवडायला एकच ट्यूनिंग. हडपसरचा ट्रान्समीटर इतका जवळ, की ५५८ वर गेलं तरी पुणे केंद्र मागून बोलतच राहतं. बातम्यांवर बातम्या.

इथे फेराइट रॉडचा स्वभाव कामी आला. रॉडचं टोक ज्या दिशेला रोखाल तिकडचं स्टेशन मंदावतं, रॉड त्या दिशेला आडवा धरला की तेच मोठं होतं. कोथरूडहून हडपसर पूर्वेला. मालाडचा मुंबईचा ट्रान्समीटर वायव्येला. रॉड पूर्व-पश्चिम धरला तर पुणे टोकावर येतं आणि बुडतं, मुंबई मात्र रॉडच्या रेषेपासून तिरकी पस्तीसेक अंशांवर पडते, म्हणून निम्म्याहून अधिक उरते. रॉड खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून अगदी केसभर फिरवत राहिले. पुणे मोठं करायची जागा ऐसपैस असते, कुठेही धरा. बुडवायची जागा मात्र सुईच्या टोकाएवढी, हात जरा हलला की निसटते. ती सापडली आणि पाठीमागून एक बाई शांतपणे काहीतरी वाचताना ऐकू यायला लागली. शेतीविषयक काहीतरी होतं. मी पूर्ण ऐकलं. माझ्याकडे कुंडीभर कढीपत्त्यापलीकडे शेती नाही.

लेकीला बोलावून ऐकवलं. ती म्हणाली, "हे फोनवर येतं की." येतं ना. तिथे रॉड फिरवावा लागत नाही, एवढाच फरक. तिला पटलं नाही, पण रॉड तिने फिरवून बघितला आणि पुणे माझ्याआधी बुडवलं. तरुण हात.

गुरुवार

गणपती बसले, सुट्टी. दुपारपर्यंत रेडिओ स्वच्छ. संध्याकाळी दिवे लागले आणि घरघर परत, ह्या वेळी थरथरत, लयीत, मध्येच थांबून पुन्हा. आपल्या घरातलं सगळं बंद करून पाहिलं, फरक नाही. रॉड उभा धरून टोक छताकडे केलं तर आवाज मंदावला.

वरच्या काकूंची आरास. लयीवरून रोषणाईची माळच असणार, लुकलुकण्याच्या ठेक्यात वाजतेय. आता सणाच्या दिवशी जाऊन कुणाला काय सांगायचं की तुमच्या बाप्पाच्या माळेमुळे मला मुंबई लागत नाही! अ‍ॅडॉप्टरच्या वायरीला क्लिप होणारे दोन फेराइट डब्यातून काढून पर्समध्ये टाकलेत. पूर्ण थांबणार नाही, थोडं दबेल. आरतीला जायचंच आहे. काकूंना विचारून लावीन, पण आधी मोदक खाईन.