पहिला डबा दिल्लीचा, बाकीची गाडी कोलकात्याची

फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या माणसाला रांगेचं वळण लागणं कठीणच. कंडक्टर ‘फुडें चल, फुडें चल’ करत बस ठासून भरतो, आणि चोडणच्या फेरीबोटीचा रॅम्प धक्क्याला टेकायच्या आधीच स्कूटरी घुरघुरायला लागतात. अशा संस्कारांत वाढलेले आम्ही नवरा-बायको यंदा आधी नणंदेकडे दिल्लीला गेलो आणि तिथून पुढे कोलकात्याला. दोन्हीकडे फिरलो ते मेट्रोनेच.

दिल्लीत पहिली गाठ तपासणीशी. बायकांची वेगळी रांग, झडती पडद्याआड. माझ्या पिशवीत नणंदेसाठी नेलेलं कोकमाचं आगळ होतं. एक्स-रेवर बाटली दिसली आणि त्यात मी गोव्याची!

“शराब है?”

“नहीं, कोकम है.”

“दो तक चलती है, जाओ,” म्हणत तपासणीवरची ती शिपाईबाई हसली. खरंच, 2023 पासून तिथे माणशी दारूच्या दोन सीलबंद बाटल्या न्यायला मेट्रोची हरकत नाही. नवऱ्याला दिल्लीतली ही एकच गोष्ट मनापासून पटली.

प्लॅटफॉर्मवर गुलाबी पाटी दिसली की आमची ताटातूट. 2010 पासून पहिला डबा फक्त बायकांचा. आत गेलं की खांदे आपोआप सैल होतात. कोणी डबा उघडून पराठा खातंय, कोणी आरशाशिवाय काजळ घालतंय, कॉलेजच्या मुली खाली फतकल मारून बसल्यात. फरशीवर बसू नका, खाऊ नका, असं वरून हिंदीत आणि इंग्रजीत बजावणं चालूच असतं, ऐकतं कोण? पण डब्यांच्या जोडावरून एखादा पुरुष अलीकडे सरकला की सगळ्या माना एकदम वळतात. कोणी काही बोलत नाही, तो आपणच मागे सरकतो. राजीव चौकाला मात्र हे सगळं विसरायचं. तिथे पिवळी आणि निळी लाईन एकमेकींना भेटतात. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचं हे सगळ्यांना पाठ आहे, धीर कोणाला नाही.

कोलकात्यात वेगळा डबा नाही, प्रत्येक डब्यात बायकांच्या जागा राखीव. तिथे लाउडस्पीकरपेक्षा प्रवासीच जास्त बोलतात. एक पोरगा ज्येष्ठांच्या जागेवर मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. समोर एक आजी उभ्या. त्या गप्पच होत्या, पण दाराजवळचे एक चष्मेवाले काका कडाडले, “ओठो भाई, ओठो!” पोरगा उठला. मग काकांनी त्याला दोन मिनिटं सुनावलंही, आणि आजूबाजूचे चारजण त्यात सामील झाले. मला कौतुक वाटलं आणि त्या पोराची दयाही आली. इथली मेट्रो देशातली पहिली, 1984 ची. दिल्लीची आली 2002 मध्ये. कोलकात्यातल्या म्हाताऱ्यांची अर्धी हयात याच गाडीत गेली, म्हणून ते डब्यात आपल्या वाड्याच्या ओसरीवर बसल्यासारखे वागतात. बाकावर जागा नसली तरी “दादा, एकटू चेपे बोशून” म्हटलं की बूड टेकण्यापुरती होतेच.

हावड्याहून एस्प्लनेडला जाताना गाडी हुगळीच्या खालून जाते. 2024 मध्ये हा मार्ग सुरू झाला. नदीखालचं अंतर साधारण 520 मीटर, पाऊण मिनिटात संपतं. बोगद्यात निळे दिवे लागले की पर्यटकांचे मोबाईल वर आणि रोजच्या लोकांच्या माना पेपरात. मांडवी ओलांडताना फेरीबोटीत आम्ही तरी कुठे पाण्याकडे बघतो म्हणा.

परतीला अमरावती एक्सप्रेस धरली, ती थेट वास्कोपर्यंत येते. वाटेत आमचा वाद रंगला. मला विचाराल तर दुपारी कोलकाता, रात्री नऊनंतर दिल्ली. नवऱ्याचं मत चोवीस तास कोलकाता. पण त्याला पहिल्या डब्यात बसायलाच कुठे मिळालं!